शिंगराचा पहिला दिवस

रात्री २:३५

शिंगरू कमरेपर्यंत बाहेर आलंय, मागचे पाय अजून आत आहेत, आणि मायलेकरं दोघंही काडावर आडवी पडून दम खातायत. तबेल्यात आम्ही तिघंच: घोडीचे मालक आबा, त्यांचे जुने मोतद्दार मामा आणि मी, जनावरांची डॉक्टर. आबांचा हात टॉवेल घेऊन पुढे होतो, मी थांबवते. तोंडावरची पिशवी बाजूला करून नाकपुड्या पुसल्या आहेत, श्वास चालू आहे, शिंगरू छातीवर बसायला धडपडतंय. याच्यापुढे या घडीला माणसाचं काम नाही. नाळ अजून जोडलेली आहे. घोडी उठली किंवा शिंगरू सरकलं की ती पोटापासून दीड-दोन इंचांवर, तिच्या ठरलेल्या बारीक जागी, आपोआप तुटते. कात्री लावायची नाही, दोराही बांधायचा नाही.

पिशवी पांढरट निघाली तेव्हाच माझा अर्धा घोर गेला होता. तिच्या जागी लालभडक जाड पडदा दिसला असता तर वार आधीच सुटली असा अर्थ झाला असता. मग शिंगराला आत प्राणवायू मिळत नाही, आणि डॉक्टरची वाट न बघता हाताला येईल त्याने तो पडदा फाडून शिंगरू ओढून काढावं लागतं. घोडीच्या कळा एकदा जोराने सुरू झाल्या की वीस-तीस मिनिटांत सगळं उरकतं. गाईला जसा निवांत वेळ मिळतो तसा इथे मिळत नाही. आमच्या भीमाकाठच्या भागात घरटी गाय-म्हैस आहे, त्यामुळे व्यायलेल्या जनावराचं काय करायचं हे प्रत्येकाला माहीत असतं. घोडीच्या वेळी तेच माहीत असणं आडवं येतं. आज दिवसभरात याचा पुन्हा प्रत्यय येणार आहे.

२:५५

घोडी उठली, नाळ तुटली. प्लॅस्टिकच्या छोट्या कपात क्लोरहेक्झिडिनचं पातळ द्रावण, ०.५ टक्के, आणि त्यात बेंबीचा देठ पूर्ण बुडवून काही क्षण धरायचा. हे आज तीन वेळा, पुढचे दोन-तीन दिवसही. कडक टिंक्चर आयोडिन लावू नये, त्याने कातडी भाजते आणि भाजलेल्या कातडीतूनच जंतू आत शिरतात. हळद-तेल, राख यांचा प्रश्नच नाही. ओली बेंबी हे शिंगराच्या अंगाचं उघडं दार असतं. तिथून शिरलेले जंतू आठवड्याभरात सांध्यांत पू करतात आणि मग लोक म्हणतात, शिंगराला लाथ बसली असेल.

खाली गव्हाचं काड घातलंय तेही यासाठीच. लाकडाचा भुसा स्वस्त पडतो, पण तो ओल्या बेंबीला आणि नाकाला चिकटतो. जमिनीवरची पाण्याची बादली मामांनी आधीच उचलून वर टांगली आहे. घोडीला लांब दाव्यानेही बांधलेलं नाही, मोकळी ठेवली आहे. नव्या शिंगराच्या पायात दोर अडकायला वेळ लागत नाही.

३:२५

उभं राहिलं! तीन वेळा तोंडावर आपटून चौथ्यांदा. नर आहे, कुमेत, आईसारखाच. खुरांच्या टोकाला पिवळसर मऊ झालर लोंबतेय. आत असताना ह्या झालरीमुळेच आईच्या गर्भाशयाला खुरं टोचत नाहीत, आणि चालायला लागल्यावर ती दिवसभरात झिजून जाते. पहिल्यांदा पाहणारा मात्र घाबरतो.

मामा विटेच्या तुकड्याने भिंतीवर वेळ मांडतात. आमचा हिशेब एक-दोन-तीन असा आहे: तासाभरात उभं राहावं, दोन तासांत प्यावं, तीन तासांत वार पडावी. यातलं एक जरी चुकलं तरी फोन करायचा, सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही. मामांना वाचता फारसं येत नाही, पण ही भिंत मला कुठल्याही फाइलीपेक्षा भरवशाची वाटते.

४:००

सड सापडत नाहीये. भिंत चोखली, आईची कोपरं चोखली, मामांची विजार चोखली. घोडी शांत आहे, तिचं हे तिसरं वेत. पहिलटकरीण असती तर एकाने म्होरकी धरून उभं राहावं लागलं असतं. काही घोड्या गुदगुल्यांनी लाथ झाडतात, काही चक्क चावायला धावतात. आम्ही फक्त शिंगराच्या मागे हात लावून दिशा देतो, डोकं धरून सडाकडे ढकलत नाही. डोकं ढकललं की ते उलट मागे रेटतं.

मधल्या वेळात मी दोन धारा काढून घेते. खिशात ब्रिक्स मीटर आहे, साखर कारखान्याची माणसं उसाची पक्वता बघायला वापरतात तोच. काचेवर चिकाचा एक थेंब, झाकण, आणि उजेडाकडे धरून बघायचं. निळ्या-पांढऱ्याची रेघ २७ वर आहे. आबा स्वतः ऊसवाले, त्यांना हा आकडा लगेच कळतो: "उसाला वीस-बावीस आला तर आम्ही खूश, ताई." घोडीच्या चिकाला २० च्या खाली आलं तर काळजी, ३० च्या वर उत्तम. २७ चांगलाच आहे. चीक मधाच्या रंगाचा, बोटाला चिकट लागतो.

एवढा आटापिटा का? माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच तिची प्रतिपिंडं मिळू लागतात. घोडीच्या वारेतून ती पलीकडे जातच नाहीत. शिंगरू जन्मतं ते रोगप्रतिकाराच्या बाबतीत रिकाम्या हाताने, आणि जे मिळायचं ते फक्त चिकातून. त्यातही आतड्याचं दार थोडाच वेळ उघडं असतं. पहिल्या सहा तासांत सगळ्यात जास्त शोषलं जातं, बारा तासांनी फार कमी, चोवीस तासांनी जवळपास काहीच नाही. या आकाराच्या शिंगराच्या पोटात सहा तासांच्या आत लिटर-सव्वालिटर चीक गेलाच पाहिजे.

४:१८ ला चुटचुट आवाज येतो. भिंतीवर दुसरी रेघ.

४:५०

वार पडली. घोडी उभी असताना लोंबती वार तिच्या पायाखाली येऊ नये म्हणून वर गाठ मारून ठेवली होती, ओढली मात्र नाही.

आता माझं आवडतं आणि बाकीच्यांचं सगळ्यात नावडतं काम. गोणपाटावर वार पसरायची, तिची दोन्ही शिंगं, म्हणजे टोकांचे फाटे, आणि मधला भाग नीट मांडायचा, आणि कुठे तुकडा कमी आहे का ते बोटांनी चाचपत जायचं. शिंगरू ज्यात नव्हतं त्या बारीक शिंगाचं टोक सगळ्यात जास्त वेळा आत राहतं, म्हणून तिथे दोनदा बघायचं. फाटल्याची जागा एकच हवी, जिथून शिंगरू बाहेर आलं ती. वजन केलं: ४ किलोला थोडी कमी. शिंगरू ३८ किलो. शिंगराच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी वार असावी, त्याहून बरीच जड भरली तर आत सूज किंवा संसर्ग होता असं समजायचं. ही व्यवस्थित आहे. बघून झाल्यावर खोल खड्ड्यात पुरायची. कुत्र्यांनी ओढत नेलेल्या वारेकडे बघून मला काहीच सांगता येत नाही, आणि अशा किती तरी वारा मी कधीच पाहिल्या नाहीत.

सकाळी ७:००

आबांच्या आई परातीत बाजरीचा घाटा, गूळ आणि मेथ्या घेऊन हजर. बाळंतिणीला उपाशी ठेवायचं का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण एवढं धान्य एकदम पोटात गेलं तर घोडीला पोटशूळ होतो, खुरांच्या आत सूज येऊन ती कायमची लंगडी पडू शकते. तडजोड होते. आज कोमट पाणी हवं तेवढं, गव्हाच्या कोंड्याचा पातळ मॅश, त्यात मीठ आणि आजींच्या समाधानाला गुळाचा एक खडा, बाकी लसूणघास आणि वाळलं गवत. खुराक तीन-चार दिवसांत हळूहळू वाढवायचा. दूध देणाऱ्या घोडीला पुढे खरोखरच दुप्पट लागतं, तेव्हा आजींची परात कामी येईलच.

घोडीच्या हिरड्या गुलाबी आहेत, ताप १००.४. मधूनमधून मागे वळून पोटाकडे बघते, जमीन उकरते. गर्भाशय आवळतंय, त्याच्या ह्या कळा. तासा-दोन तासांत थांबतात. हिरड्या पांढऱ्या पडल्या, घाम सुटला, घोडी थरथरायला लागली तर मात्र आतली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते, विशेषतः वयस्कर घोडीत. अशा वेळी तिला चालवायचं नाही, गाडीत चढवायचं नाही, अंधारात शांत ठेवायचं. जंताचं औषध आज तिलाच पाजलं, कारण एका जातीचे जंत दुधातून शिंगरात उतरतात.

ही घोडी आबांनी सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली. तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या त्या बाजारातून डिसेंबरात ती इथे आली आणि आता फेब्रुवारी संपतोय. मध्ये दोन महिने गेले हे फार बरं झालं. इथल्या मातीतले, इथल्या तबेल्यातले जंतू तिच्या अंगाने ओळखले, आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं चिकात उतरली. व्यायच्या आदल्या आठवड्यात घोडी विकत आणली तर तिच्या चिकात जुन्या गावाचं संरक्षण असतं, नव्या गावाचं नसतं. धनुर्वाताची लसही महिनाभर आधी टोचून घेतली होती. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर नाही. आणि गंमत अशी की माणसांना टोचायचं धनुर्वाताचं आणि सर्पदंशाचं सीरम पिढ्यान् पिढ्या घोड्यांच्याच रक्तातून काढलं जातं.

९:४०

अंघोळ करून घरी चहाचा कप तोंडाला लावते तोच मामांचा फोन. शिंगरू शेपूट वर करून कुंथतंय, पितं आणि पुन्हा कुंथतं. पहिली काळी लीद अडकली. हे नरात जास्त होतं, त्यांचं कमरेचं हाड अरुंद असतं. मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळते तीच एनिमाची बाटली, टोकाला व्हॅसलीन, आणि अतिशय हलक्या हाताने. दहा मिनिटांनी काळ्या, डांबरासारख्या चिकट गोळ्या पडतात, शिंगरू लगेच उडी मारून आईच्या पोटाखाली. एका बाटलीने नाही झालं तर दुसरी, तिसरी मात्र नाही. त्यातल्या फॉस्फेटने शिंगराला विषबाधा होते.

लघवी झाली का, हेही मामांना विचारते. कुंथणारं प्रत्येक शिंगरू लिदेसाठीच कुंथत नसतं. व्यायच्या वेळी मूत्राशय फाटलेलं असलं तर थेंब-थेंब लघवी होते आणि दोन-तीन दिवसांत पोट फुगतं. तेही नरातच जास्त. "धार मारली की माझ्या पायावर," मामा सांगतात.

११:२०

दुसऱ्या गावाहून फोन. वरातीची घोडी सकाळी सहाला व्याली, वार पडत नाही.

दुपारी १२:१०

दारात लग्नाचा रंगीत साज वाळत घातलेला. कडुनिंबाखाली शिंगरू दाव्याला बांधलेलं, आईपासून वीस पावलांवर. घोडीच्या कासेतून चीक आपोआप ठिबकून खाली मातीत चिखल झालाय. लोंबत्या वारेला सुतळीने एक जुनी चप्पल बांधली आहे, वजनाने वार उतरावी म्हणून.

"वार पडल्याशिवाय पाजायचं नाही ना, मॅडम? गाईला आम्ही असंच करतो," मालक म्हणतो. त्याच्या बोलण्यात निष्काळजीपणा कुठेही नाही. रात्रभर जागलाय, शिंगराला गूळपाणी पाजलंय, अंगावर स्वतःची शाल घातली आहे. त्याने ऐकलं ते केलं.

खरं तर गाईलाही हे करू नये. वासरू ढुसण्या देऊन पिऊ लागलं की आईच्या अंगात जो स्राव सुटतो तोच पान्हा सोडतो आणि तोच गर्भाशय आवळून वार उतरवतो. म्हणजे वार पडावी म्हणून पाजणं थांबवायचं हा उलटा कारभार. पण वासरू चार-सहा तास उपाशी राहूनही बहुधा निभावून नेतं आणि गाईची वार दिवसभर राहिली तरी गाय चरते, म्हणून ही समजूत टिकली आहे. घोडीच्या बाबतीत तीन तासांनंतर वार म्हणजे आत ठेवलेलं विष. त्यातून ताप, गर्भाशयात पू, आणि खुरांची ती सूज. आणि चप्पल? त्या वजनाने वार तुकडा मागे ठेवून तुटते, कधी गर्भाशयच उलटून बाहेर येतं.

चप्पल सोडते, वारेला गाठ मारते. घोडीला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. शिंगराला आईजवळ नेलं तर ओठ हलवतं पण जीभ सडाभोवती गुंडाळत नाही, जोर संपलाय. सहा तास होऊन गेलेत. मग मालकाच्या बायकोला हाताशी घेऊन चीक काढला. तिचा हात माझ्यापेक्षा सराईत, पण घोडीचे सड आखूड, दोन बोटांनीच धार निघते. ३०० मिलीलीटर चीक कोमट असतानाच नाकातून नळीने पोटात. तासाभराने पुन्हा तेवढाच. बाटलीने पाजू का, असं मालक विचारतो. जे शिंगरू स्वतः नीट चोखत नाही त्याला बाटलीने पाजलं तर ते फुप्फुसात जातं, म्हणून नको.

एक वाजता वार पडते. पसरून बघते तर बारीक शिंगाचं टोक नाही, तळहाताएवढा तुकडा. पुढचा तास त्यातच जातो: नळीने गर्भाशय धुणं, प्रतिजैविक, सुजेचं औषध. पुढच्या खुरांना बर्फ बांधून ठेवायला सांगते. लग्नसराई असल्याने बर्फवाला त्यांच्या ओळखीचाच निघतो. वरातीचे पुढचे दोन महिने ही घोडी जाणार नाही, हेही सांगावं लागतं. मालक मान हलवतो. त्याचा हंगाम गेला.

निघताना शिंगरू उभं राहून कास शोधतंय.

३:३०

परत आबांकडे, आज दुसऱ्यांदा बेंबी बुडवायला. शिंगरू झोपलंय, पाय ताणून आडवं. नवं शिंगरू दिवसाचा बराच वेळ झोपतं आणि जागं असलं की तासात पाच-सात वेळा थोडं थोडं पितं. झोपलेलं शिंगरू बघून घाबरायचं नाही, उठवल्यावर ते सरळ कासेकडे जातं का एवढं बघायचं. कपाळावर दूध वाळलेलं दिसलं तर धोका: कासेशी गेलं, पान्हा सुटला, पण प्यायलं नाही, धार डोक्यावर पडली. कास भरून टणक झालेली असणं ही त्याचीच दुसरी खूण. आजारी शिंगराचा ताप नंतर चढतो, पिणं आधी बंद होतं. म्हणून मी मामांना थर्मामीटरच्या आधी कासेला हात लावायला सांगते.

इथे कास मऊ, कपाळ कोरडं, ताप १०१.

संध्याकाळी ६:००

गाव लोटलंय. भोवरे मोजले जातात, कपाळावरच्या टिळ्याची चर्चा होते, एकाला तो पंचकल्याणी वाटतो. तो नाही, पांढरे पाय दोनच आहेत. भीमथडीच्या तट्टांचा हा मुलूख, शेजारी जेजुरीचा खंडोबा घोड्यावर बसलेला, तेव्हा घोड्याच्या खुणांवर बोलायला इथे प्रत्येकजण अधिकारी. चीक किती प्यायला, हे मात्र कुणी विचारत नाही. मी आबांना सांगून दाराला आडणा लावते. घोडी कान मागे पाडून शिंगरू आणि माणसं यांच्या मध्ये उभी राहते आहे. तिला वास आणि आवाज यांवरून पिलाशी ओळख पक्की करायची असते. मोबाइलचे फोटो आठवड्याने काढा.

रात्री ९:३०

शिंगराला एकोणीस तास झाले. मानेच्या शिरेतून थोडं रक्त, ते थिजून वर आलेलं सीरम एका नळीत, त्यात ग्लुटराल्डिहाइडचे मोजके थेंब. प्रतिपिंडं भरपूर असतील तर दहा मिनिटांच्या आत सीरमची खीर गोठते. तासभर थांबूनही पातळच राहिलं तर चिकाने काम केलं नाही असं समजून दुसऱ्या निरोगी घोड्याचा प्लाझ्मा शिरेतून द्यावा लागतो. खर्च त्याला येतो, या चाचणीला नाही.

सहाव्या मिनिटाला नळी उलटी करते, थेंबही सांडत नाही. वरातीच्या घोडीच्या शिंगराचं रक्त उद्या पहाटे घेणार, आणि तिथे प्लाझ्मा लागेल असं धरूनच मी देणाऱ्या घोड्याची सोय बोलून ठेवली आहे.

मामा रात्री तबेल्यातच झोपणार. उद्या हवा चांगली असली तर मायलेकरं तासभर छोट्या आवारात मोकळी. आठवड्याभराने घोडी माजावर येईल तेव्हा शिंगराला पातळ होईल, तेव्हा पिणं चालू असेल तर औषधांचा मारा नको, हेही मामांना आत्ताच सांगून ठेवते.

ज्यांच्या दारात गाभण घोडी आहे त्यांनी दहावा महिना लागला की चार गोष्टी करून ठेवाव्यात. धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. डॉक्टरचा नंबर तबेल्याच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहावा. कारखान्याच्या ओळखीतून ब्रिक्स मीटर मागून आणावं. आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवावं: वार पडो न पडो, शिंगराला दोन तासांत पाजायचं, आणि पडलेली वार डॉक्टरने बघितल्याशिवाय पुरायची नाही.